गिरिजाक्कांच्या चिठ्ठ्या

ऑपरेशनला आत जायच्या आधी गिरिजाक्का एक चिठ्ठी लिहायच्या. भिंतीवरच्या तारखेच्या कॅलेंडरचं आदल्या दिवसाचं पान फाडायचं, मागच्या कोऱ्या बाजूला एक शब्द खरडायचा, चार घड्या घालायच्या आणि चहा पावडरीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मग तो डबा पेशंटबरोबर आलेल्या माणसाच्या मांडीवर ठेवायचा. "उघडायचं न्हाई. मी भाईर आल्यावर तूच उघडायचं, तूच वाचायचं." एवढं बोलून त्या आत जायच्या. चार तास, कधी सहा तास तो माणूस देवाचा टाक धरावा तसा डबा धरून बाकड्यावर बसलेला असायचा.

अक्का बायकांच्या पोटातल्या कॅन्सरची ऑपरेशनं करायच्या. अंडाशयाचा कॅन्सर कळतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, तो पोटभर पसरलेला असतो. मग आधी किमोची सलाइनं देऊन तो आटवायचा, आणि आटला की पोट उघडून उरलेला काढून टाकायचा. किती निघेल ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही, असं बाकीचे डॉक्टर म्हणायचे. अक्का म्हणायच्या, "उघडल्यावर कुणीबी सांगंल. न उघडता सांगायला डॉक्टर लागतो."

अक्कांचे तीन शब्द होते. नितळ, कण, किंवा माघार. नितळ म्हणजे डोळ्याला दिसेल असं काहीही मागं राहणार नाही. कण म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढं कुठंकुठं राहील. माघार म्हणजे उघडून, बघून, शिवून परत यायचं. नितळ झालेल्या बाया पुढं जास्त वर्षं काढायच्या. माघार होणार असेल तर बाईचं पोट फाडायचंच कशाला, तिला अजून औषध द्या, नाहीतर घरी लेकरांत बसू द्या, असं अक्कांचं म्हणणं. माघार वाटली तर त्या चाकूच लावायच्या नाहीत, आणि लावला तर नितळ की कण ते आधी लिहायच्या. "नंतर सगळेच शहाणे असत्यात की."

ऑपरेशन झालं की घामेजलेल्या अंगानं त्या बाहेर यायच्या, तोंडाचा मास्क खाली ओढायच्या आणि म्हणायच्या, "वाच." पेशंटच्या माणसानंच का वाचायचं, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाल्या, "मी वाचलं तर मला पायजे तसं वाचीन." पन्हाळ्याकडची एक म्हातारी लेकीला घेऊन आली होती, तिला वाचता येत नव्हतं. अक्कांनी जिन्याखालच्या चहावाल्याला हाक मारून वर घेतलं. तो कपबशा हातात घेऊनच आला, डबा उघडला आणि मोठ्यानं वाचलं, "कण." म्हातारी म्हणाली, "कण म्हंजी बरं का वाईट?" अक्का तिच्याशेजारी बाकड्यावर बसल्या, स्वतःच्या करंगळीचं नख तिला दाखवलं आणि म्हणाल्या, "एवढं राहिलंय आजी, खोटं बोलणार न्हाई. पण आणलंस तवा तुझ्या लेकीच्या पोटात माझ्या मुठीएवढं होतं." म्हातारीनं ते नख कितीतरी वेळ धरून ठेवलं होतं.

बरोबर आलेली चिठ्ठी अक्का केराच्या डब्यात टाकायच्या. चुकलेली तेवढी एका आडव्या वहीत टाचणीनं टाचायच्या. "बरोबर आलेली काय शिकवत न्हाई गा."

बाई मूळच्या कुरुंदवाडच्या. लिंगायत, वडिलांचा तंबाखूचा व्यापार. बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाज मात्र बाजारात वांगी विकणाऱ्या बाईचा. लग्न केलं नव्हतं. लहानथोर सगळ्यांना अरेतुरे करायच्या आणि रागावल्या की कानडीत जायच्या. एखाद्या बाईचा नवरा फार बडबडायला लागला की हात वर करून म्हणायच्या, "साकु, साकु! पुरे झालं. दुखणं तिचं हाय, तिला बोलू दे." हात लहान होते त्यांचे, बारा वर्षांच्या पोरीचे असावेत तसे. त्या हातांनी पोट चाचपताना त्या डोळे मिटायच्या. शाहूपुरीतल्या त्यांच्या सहा खाटांच्या दवाखान्यात मी तो हात पहिल्यांदा बघितला तो माझ्या बायकोच्या पोटावर.

मी बापू, कसबा बावड्याचा गुळव्या. चौथीतून उठलो आणि बापाबरोबर रस आटवायच्या कढईशी, काहिलीशी उभा राहिलो. उसाचा रस उकळायला लागला की मळी वर येते, ती काढायची. मग रसाचा रंग फिरतो, फेस बसतो, बुडबुडे जड होतात, आणि एका ठरावीक क्षणाला काहील चुलवाणावरून उतरवायची. अगोदर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. तो क्षण सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. रसाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का बघायची रीत आहे. मी गोळीसुद्धा बघत नसे. नुसत्या डोळ्यानं सांगायचो. चाळीस वर्षांत माझी एक काहील वाया गेली नाही, हे मी कुणीही न विचारता सांगत असे.

अक्कांनाही पहिल्याच भेटीत सांगितलं. सुंदराचं, माझ्या बायकोचं, पोट तेव्हा इतकं फुगलं होतं की गल्लीतल्या बायका आडून विचारायच्या, आता या वयात काय गं? त्या हसायच्या आणि सुंदरा पदर पुढं ओढायची. आत पाणी झालं होतं. अक्कांनी डोळे मिटून पोट चाचपलं, सोनोग्राफी बघितली, आणि आम्हाला दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं की कॅन्सर आहे, पसरलाय, आधी तीन डोस, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन डोस. मी घाबरलो होतो, पण घाबरलोय हे दिसू द्यायचं नव्हतं. म्हणून विचारलं, "तुमाला न उघडता कसं कळतंय?"

"तुला गूळ कसा कळतो?"

"डोळ्यानं."

"आणि चुकलास तर?"

"मी चुकत न्हाई."

अक्का सुंदराकडं बघून म्हणाल्या, "यव्वा, ह्याच्याबरोबर कसा संसार केलास गं?" सुंदरा त्या दुखण्यात पहिल्यांदा हसली. त्या दिवसापासून ती अक्कांची झाली.

दवाखान्यात खाटा कमी, म्हणून किमोची सलाइनं अक्का ज्याच्या त्याच्या घराजवळच्या दवाखान्यात द्यायला लावायच्या. आमची बावड्याच्या वाटेवर एका लहान दवाखान्यात ठरली. दर तीन आठवड्यांनी एक. एक गुलाबी कार्ड दिलं होतं, डोस झाला की तिथल्या डॉक्टरांनी तारीख घालून सही करायची. आणि सुंदराला अक्कांनी एक सुतळी दिली. दर सोमवारी पोटाभोवती गुंडाळायची आणि जिथं टोक येईल तिथं गाठ मारायची. "आकडे मला कळत्यात, तुला गाठी कळतील."

पहिल्या डोसानं सुंदराची आतडी पिळवटून निघाली. दुसऱ्यानं केस गेले. पण सुतळीवरच्या गाठी जवळजवळ यायला लागल्या. दुसऱ्या डोसानंतर दोन आठवड्यांनी मी ती सुतळी हातावर धरून मोजली, वीतभर कमी झाली होती. पोट खपाटीला गेलं होतं. रक्त तेव्हा मुंबईला जायचं आणि आकडा पंधरा दिवसांनी यायचा. तोही आला तो चांगला उतरलेला. मी सुंदराकडं बघितलं आणि मला तेच वाटलं जे काहिलीकडं बघून वाटायचं. फेस बसला. झालंय. उतरवा.

त्याच आठवड्यात गुऱ्हाळावर पाळ्या लागल्या होत्या. ऊस तुटून आवारात पडला होता आणि तुटलेला ऊस थांबत नाही. मी हललो तर दुसरा गुळव्या बोलवावा लागला असता. माझ्या काहिलीशी दुसरा गुळव्या! मला ते सोसवलं नसतं. लोक नंतर म्हणायचे, हंगामामुळं बापूची ओढाताण झाली. तसं काही नव्हतं. डोस एका दिवसाचा होता, मला कुणीही सोडलं असतं. मी गेलो नाही, कारण माझ्या डोळ्यानं सांगितलं होतं की गरज नाही.

सुंदराला म्हणालो, "तिसरं नको. तू बरी झाल्यास."

ती म्हणाली, "अक्कास्नी इचारूया की."

"अक्काला काय कळतंय ते मला कळत न्हाई व्हय?"

तिलाही त्या सलाइनची धास्ती होती, एक टळलं तर देव पावला असं तिला वाटलं असणार. पण ते मी तिच्यावर ढकलणार नाही. ठरवलं मी.

ऑपरेशनच्या तारखेला अक्कांकडं गेलो तेव्हा दुसऱ्या डोसाला सात आठवडे झाले होते. बाहेर बाकड्यावर बावड्याचीच दोन माणसं बसली होती, दार उघडं होतं. अक्कांनी विचारलं, "तिसरा झाला?"

त्या माणसांदेखत एका बाईनं मला झापावं हे मला नको होतं. मी म्हणालो, "व्हय."

"कार्ड?"

"चुलवाणाजवळ ठिवलं होतं. जळालं."

अक्का मोठ्यानं हसल्या. "माझं कार्ड गुळात घातलंस की रे!" मग पेन उघडून विचारलं, "कवा झाला?" मी एक दिवस सांगितला. त्यांनी तो वहीत लिहिला. दवाखान्यात विचारून घ्या, असं तिथली नर्स म्हणाली, तर अक्का म्हणाल्या, "नको गं. हा गुळव्या हाय, बघितल्याशिवाय बोलत न्हाई." सुंदरानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

कार्ड जळालं होतं हे खरं. आदल्या दिवशी मीच ते चिपाडांबरोबर चुलवाणात टाकलं होतं.

अक्कांनी सुंदराला आत नेऊन तपासलं. डोळे मिटून बराच वेळ हात ठेवला. बाहेर आल्या, कॅलेंडरचं पान फाडलं, लिहिलं, डबा माझ्या मांडीवर ठेवला. त्या दिवशी त्या खुशीत होत्या. चिठ्ठी वाचायची नाही हे सांगायचंसुद्धा विसरल्या.

पाच तासांनी दार उघडलं. अक्का आल्या, पण मास्क खाली ओढला नाही. म्हणाल्या, "वाच."

मी डबा उघडला. "नितळ," मी वाचलं.

"पुन्यांदा वाच."

"नितळ."

त्यांनी मास्क काढला. "न्हाई बापू. चुकलं. वर छातीखालच्या पडद्यावर, आतड्यावर, साबुदाणा सांडल्यागत पसरलंय. निघंल तेवढं काढलं. लई राहिलं." मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "तीन डोसांवर असं वाढत न्हाई. कसं वाढलं?" आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत उभ्या राहिल्या.

बोलायची वेळ तीच होती. तोंड उघडलंही होतं मी. पण चिठ्ठीच्या घड्या पुन्हा घालून ती अक्कांच्या हातात दिली.

सुंदरा शुद्धीवर आल्यावर तिला कळलं. अक्का रोज दोनदा तिच्या खाटेशी येऊन बसायच्या, पोट दाबायच्या, वही उलटायच्या. तिसऱ्या दिवशी त्या गेल्यावर सुंदरा म्हणाली, "सांगा की त्यास्नी. बाई जिवाला खायाला लागल्यात."

"गप पड."

"माझं झालं ते झालं. त्यांचं काय?"

मी तांब्या उचलून पाणी आणायला गेलो. पाणी तांब्यात होतंच.

सुंदरानं पुढं सव्वा वर्ष काढलं. पुढचे सगळे डोस घेतले, एकही चुकवला नाही. मी स्वतः प्रत्येक वेळी नेलं. शेवटी शेवटी ती सुतळी उशाला घेऊन झोपायची. गाठी पुन्हा लांब लांब पडायला लागल्या होत्या. पुन्हा तिनं मला सांगा म्हणून म्हटलं नाही. एकदा म्हटलं होतं, मला ऐकू गेलं होतं, हे तिला माहीत होतं.

तिच्या तेराव्याला दारात मांडव होता. पाहुणे, भावकी, गुऱ्हाळावरची माणसं, पंगत बसली होती. रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या. पांढरं लुगडं, हातात काही नाही. पंगतीतून सरळ माझ्यापर्यंत आल्या आणि सगळ्यांच्या समोर, त्यांच्या त्या वांगी विकायच्या आवाजात म्हणाल्या, "बापू, माझा हात चुकला. मी नितळ लिहिलं, तसं न्हवतं. अजून थांबाय पायजे होतं मी. माफी कर." आणि दोन्ही हात जोडले. ते पोरीचे असावेत तसे हात.

पंगत जेवायची थांबली. सगळे माझ्याकडं बघत होते.

मी म्हणालो, "चालायचंच, अक्का. माणूस हाय, चुकतो. माझ्या मनात काय न्हाई."

कुणीतरी मागून म्हणालं, बापूचं मन मोठं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी माना डोलावल्या. अक्कांनी डोळे पुसले. मी त्यांना पानावर बसवलं आणि स्वतः वाढलं.

पुढं नऊ वर्षं हे असंच चाललं. मी दर संक्रांतीला गुळाची एक ढेप घेऊन त्यांच्या दवाखान्यात जायचो, का जायचो ते माझं मला ठाऊक. त्या ढेपेला हात लावून म्हणायच्या, "माझ्यावर राग न्हाई न्हवं रे?" आणि मी म्हणायचो, "न्हाई अक्का." दरवर्षी. जिना उतरताना वाटायचं, पुढच्या वर्षी सांगू. ढेप मात्र दरवर्षी आदल्यापेक्षा मोठी नेत होतो.

मग सुंदराच्या पाठच्या बहिणीला, शालनला, तेच दुखणं झालं. हे घराण्यात उतरतं म्हणतात. एव्हाना दिवस बदलले होते, खिशात मोबाइल आले होते, कोल्हापुरातच मोठा स्कॅन निघत होता. शालनचे तीन डोस तारखेला झाले. तिसऱ्यानंतर शालन, तिचा नवरा दिनकर आणि मी, असे तिघं अक्कांकडं गेलो. अक्का पिकल्या होत्या, जाड भिंगाचा चष्मा आला होता, आवाज तोच. त्यांनी स्कॅन बघितला, रक्ताचा आकडा बघितला, डोळे मिटून पोट चाचपलं.

"सगळं नितळ लागतंय," त्या म्हणाल्या. दिनकरनं सुस्कारा टाकला. "पण सुंदराचंबी असंच लागलं होतं. तीन डोस होऊनबी आतनं वाढतच होतं. तुमच्या रक्ताला हे औषध लागत न्हाई शालन, लागल्याचं सोंग करतंय. मी चाकू लावणार न्हाई. औषध बदलून बघू, पुढचं पुढं."

"आपरेशन न्हाईच?"

"न्हाई. एकदा फसले मी. तुझ्या बहिणीला फाडलं, तुला न्हाई फाडणार."

आम्ही उठलो. जिन्याच्या मधल्या पायरीवर शालन खाली बसली. म्हणाली, "दाजी, ताईच्या येळंला काय झालतं हो? तिनं तर सगळं येळच्या येळी घेतलं न्हवं?"

मी कठडा धरला. या बाईच्या पोटातलं नितळ होतं, काढता येणार होतं, आणि अक्का ते काढणार नव्हत्या. अक्कांना भीती होती ती सुंदराच्या पोटातल्या दुखण्याची. आणि ते दुखणं औषधाला दाद न देता वाढलेलं नव्हतं. औषध मिळालंच नव्हतं म्हणून वाढलं होतं.

"चला वर," मी म्हणालो.

अक्का पुढच्या पेशंटचे कागद बघत होत्या. मी दारातच उभा राहून बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो. "अक्का, सुंदराचा तिसरा डोस झाला न्हवता."

त्यांनी चष्मा काढला. "काय?"

"झाला न्हवता. मी नेलंच न्हाई. खोटं बोललो."

शालन माझ्या मागं उभी होती.

अक्का उठल्या, कपाट उघडलं, ती आडवी वही काढली. बोटाला थुंकी लावून पानं उलटली. कॅलेंडरचं पिवळं पडलेलं पान टाचणीला लटकत होतं. "दुसरा कवा झाल्ता? आता खरं सांग." मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं. "सात. सात आठवडे बिनऔषधाची. आणि कार्ड?"

"चुलवाणात मीच टाकलं."

"का पण?"

मी म्हणालो, "मला वाटलं झालंय. गोळी झाल्यागत वाटलं."

अक्कांचा आवाज चढेल असं मला वाटलं होतं. कानडीत शिव्या देतील, घालवून देतील. त्या खाली बसल्या आणि अगदी हळू बोलल्या. तेवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सुंदराच्या नंतर माझा हात नितळ म्हणाला तरी मी ऐकलं न्हाई. अजून एक डोस, अजून एक डोस. कितीजणींना थांबवलं मी. काहींचं वाढलं, मग माघार. त्या आता इचारायलाबी न्हाईत. दहा वर्षं मी माझ्या हाताला शिव्या घातल्या बापू. हात बरोबर सांगत होता. वहीत मी तिसरा डोस लिहिला, त्याच्यावर हातानं सांगितलं, आणि तेच खोटं होतं."

मी पुढं होऊन त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"अक्का, माफी करा."

"तुझी माफी नको मला. माझी परत दे."

मला कळलं नाही.

"तेराव्याला दिली होती मी तुला. मांडवात, सगळ्या पंगतीसमोर. तशीच परत दे, पंगतीसमोर. आता भाईर जा. शालन, तू बस यव्वा, तुझी तारीख बघू."

शालन माझ्या बाजूनं आत गेली, अंगाला अंग लागू न देता. त्या दिवसानंतर तिनं मला दाजी म्हटलं नाही. अहो म्हणायची, परक्याला म्हणतात तसं.

ऑपरेशनच्या दिवशी मी गेलो होतो. कुणी बोलावलं नव्हतं. डबा दिनकरच्या मांडीवर होता. मी वर गेलो नाही, जिन्याच्या मधल्या पायरीवर, शालन बसली होती तिथं, उभा राहिलो. दुपारी वरून अक्कांचा आवाज आला, "वाच." मग दिनकरचा, चिरका. "नितळ." मग अक्का म्हणाल्या, "व्हय. नितळ." आणि दिनकर हमसून रडायला लागला. मी खाली उतरलो आणि बावड्यापर्यंत चालत आलो.

शालननं पुढं सहा वर्षं चांगली काढली. पोराचं लग्न केलं, त्यात नाचली म्हणे. मला आमंत्रण होतं, दिनकर आला होता द्यायला. मी गेलो नाही.

राहिलं ते माझं. सुंदराच्या दर वर्षश्राद्धाला मी मनाची तयारी करायचो. माणसं बहुतेक तीच, मांडवात होती ती. एका वर्षी मी पंगतीत उभा राहिलो. घसा खाकरला. म्हणालो, "मला जरा सांगायचंय." सगळे थांबले. "बोला की बापू," कुणीतरी म्हणालं. बापू, ज्याची काहील कधी वाया गेली नाही. मी सगळ्यांच्या तोंडांकडं बघितलं आणि म्हणालो, "सावकाश जेवा. पोटभर जेवा." आणि खाली बसलो.

ढेप मात्र पुन्हा नेली नाही. कुठल्या तोंडानं नेणार?

पुढं अक्कांचा हात कापायला लागला, तशी त्यांनी ऑपरेशनं सोडली आणि कुरुंदवाडला भावाकडं जाऊन राहिल्या. त्या गेल्याचं मला पेपरात कळलं. मी पोचलो तेव्हा त्यांना बसवलं होतं, लिंगायतांत बसवतात तसं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. दोन्ही हात मांडीवर. मी उजव्याकडं बघत होतो.

शेजारी उभा असलेला एक पाहुणा दुसऱ्याला सांगत होता, "एवढा मोठा हात, पण मनानं बघा कशी होती. एकदाच चुकली म्हणं आयुष्यात, बावड्याच्या कुठल्या गुळव्याच्या बायकोला. तर त्याच्या दारात जाऊन, तेराव्याला, माफी मागिटली. आणि तो गुळव्याबी मोठ्या मनाचा, केली म्हणं त्यानं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पावणं कुठलं?"

अक्कांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं एका शब्दानं नाही. ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

मी म्हणालो, "कोल्हापूरचा." बावडा म्हणालो नाही.

येताना एसटीत खिडकीशी बसून मी रडलो, पण त्याचं मी कुणाला काही सांगावं असं नाही. रडायला काही लागत नाही.

आता माझं वय झालं. काहील पोरं उतरवतात, आणि गोळी बघून उतरवतात, तेच बरं. मांडवातल्या पंगतीतले निम्मे गेले, निम्मे आहेत. पुढच्या महिन्यात सुंदराचं श्राद्ध आहे. दिनकरला मी निरोप धाडलाय, तो येतो म्हणालाय. हे सगळं लिहून मी चहाच्या डब्यात घालणार आहे आणि पंगत बसली की डबा त्याच्या मांडीवर ठेवणार आहे. तोच उघडेल आणि तोच मोठ्यानं वाचेल. मी वाचलं तर मला पाहिजे तसं वाचीन.